नात्याने मावशी, पगाराने बिगारी

रुग्णालयात पाऊल ठेवले की नातीच नाती भेटतात. परिचारिकेला आपण सिस्टर म्हणतो, पुरुष परिचारकाला ब्रदर. स्ट्रेचर ढकलणारा तो मामा आणि रुग्णाची कूस बदलणारी, बेडपॅन देणारी, अंग पुसणारी ती मावशी. बोलण्यात एवढा जिव्हाळा असला, तरी या नात्यांचा एक विचित्र नियम आहे. रुग्णाच्या शरीराच्या जितके जवळ जावे, तितका पगार कमी होत जातो. हे संपादकीय या मावशी-मामांच्या पगाराबद्दल आहे. त्यांच्या पदाला कुठे ‘आया’ किंवा ‘वॉर्डबॉय’ म्हणतात, कुठे ‘नर्सिंग असिस्टंट’, तर नव्या कागदपत्रांत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’. नाव कोणतेही असो, मला विचारायचा आहे तो प्रश्न साधा आहे. या पगारात घर चालते का? आणि चालत नसेल, तर कमी पडणारा पैसा कोण भरते?

गेल्या काही महिन्यांत मी पुणे आणि मुंबईच्या उपनगरांतील खासगी रुग्णालयांत हे काम करणाऱ्या अनेक बायकांशी बोलले. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या मुस्लिम बायका होत्या, बौद्ध आणि मातंग होत्या, मराठवाड्यातून आलेल्या मराठा आणि वंजारीही होत्या. धर्म आणि जात वेगवेगळी, पण पगाराची तक्रार मात्र शब्दाशब्दाने सारखी. बहुतेकींनी पहिल्याच वाक्यात ‘आमचं नाव नको’ असे सांगितले. म्हणून इथे कोणाचे आणि कोणत्याही रुग्णालयाचे नाव नाही.

आधी काम समजून घेऊ. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही, तर पाठीला जखमा होतात. त्या चिघळल्या तर माणूस मूळ आजारातून उठतो आणि जखमेने जातो. ही कूस बदलणारे हात बहुधा मावशीचे असतात. रुग्णाला भरवणे, दात घासून देणे, स्पंजिंग, डायपर, लघवीची पिशवी रिकामी करून मोजमाप सिस्टरला सांगणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, ऑपरेशनच्या आधी रुग्णाची तयारी, आणि मृत्यू झालाच तर देह स्वच्छ करून नातेवाइकांच्या स्वाधीन करणे, हे सारे तिच्याकडे. कचरा पिवळ्या, लाल, निळ्या आणि पांढऱ्या डब्यांत वेगळा करणेही तिच्याकडे. त्यात वापरलेली सुई बोटात घुसण्याचा धोका रोजचा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. मी विचारले त्यांतल्या बऱ्याच जणींना ही लस आपल्याला मिळायला हवी हेच माहीत नव्हते.

आता मस्टरवर या कामाचे नाव पाहा. महाराष्ट्रात रुग्णालयांसाठी किमान वेतनाचे दर ठरलेले आहेत. शहर कोणत्या परिमंडळात येते आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल, यावर ते अवलंबून असतात. मूळ वेतनावर दिला जाणारा विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैत बदलतो. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात व्यवस्था आहे. अडचण तिसऱ्या शब्दापाशी येते. वीस वर्षे वॉर्डात काढलेली, नव्या सिस्टरला रुग्ण कसा उचलावा हे दाखवणारी मावशी कागदावर ‘अकुशल’ असते. कारण तिच्याकडे प्रमाणपत्र नाही. आणि जिच्याकडे कौशल्य विकासाचे प्रमाणपत्र आहे, तिलाही अनेकदा त्याच रांगेत बसवले जाते. कारण प्रमाणपत्र असले तरी ती ‘नर्स’ नाही.

या ‘नर्स नाही’चा अर्थ फार महाग पडतो. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला तज्ज्ञ समिती नेमायला सांगितले. त्या समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकांइतका पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयांत तो फार तर दहा टक्क्यांनी कमी असावा, पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयांत फार तर पंचवीस टक्क्यांनी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. ही शिफारस परिचारिकांनाही सगळीकडे मिळालेली नाही, ते दुखणे वेगळे. पण निदान त्यांच्यासाठी एक आकडा मांडला गेला. त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या मावशीसाठी तेवढेही झाले नाही.

हिशेब मांडून पाहू. पुढचे आकडे मी गृहीत धरले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या वस्तीतले आकडे घालून बघावे. पुण्याच्या कोंढवा किंवा हडपसर भागात राहणारी एक मावशी धरू. घरात ती, दोन शाळकरी मुले आणि सासू. हातात पडणारा पगार १२,००० रुपये. एका खोलीचे भाडे ५,०००. वीजबिल ६००. गॅस ९००. रेशनचे गहू-तांदूळ मोफत मिळतात असे धरूनही तेल, डाळ, साखर, चहा, साबण वगैरे किराणा ४,०००. रोज अर्धा लिटर दूध, ९०० रुपये. भाजी, अंडी, आठवड्यातून एकदा मटण नव्हे तर चिकन, १,५००. बसचा पास १,५००. मुलांच्या वह्या, शिकवणी, रिक्षा मिळून १,५००. सासूची रक्तदाबाची औषधे आणि मुलांचे सर्दी-ताप ५००. मोबाइलचे रिचार्ज ३००. बेरीज १६,७०० रुपये.

या यादीत कपडे नाहीत. ईद नाही, दिवाळी नाही. कोणाच्या लग्नाचा आहेर नाही, गावी जाण्याचे तिकीट नाही, कर्जाचा हप्ता नाही. तरीही दर महिन्याला ४,७०० रुपये कमी पडतात. वर्षाला ५६,४०० रुपये, म्हणजे जवळपास पाच महिन्यांचा पगार.

एवढ्यावर हिशेब थांबत नाही, कारण पगार महिन्याने सांगितला जातो, तासाने नाही. अनेक खासगी रुग्णालयांत मावशी-मामांची ड्युटी बारा तासांची असते, सकाळी आठ ते रात्री आठ किंवा उलट. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ तास होतात. कायद्याचा दिवस आठ तासांचा, म्हणजे २०८ तास. किमान वेतनाच्या कायद्यानुसार जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. मग बारा तासांच्या ड्युटीत आठ तास साधे आणि चार तास दुप्पट, म्हणजे मोल सोळा तासांचे. १२,००० रुपयांना या हिशेबाने भागले, तर आठ तासांच्या कामाचा मासिक पगार भरतो फक्त ६,००० रुपये. मालक ‘बारा हजार देतो’ असे म्हणतो तेव्हा तो प्रत्यक्षात सहा हजारांची नोकरी देत असतो. उरलेले सहा हजार हा तिच्या झोपेचा आणि मुलांपासून हिरावलेल्या वेळेचा मोबदला असतो.

मग पुरेसा पगार म्हणजे किती? हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तर कोणा आंदोलकाच्या मनातून आलेले नाही. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदात कामगारांना निर्वाह वेतन मिळावे, असे उद्दिष्ट आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरवले. एका कमावत्यामागे तीन माणसांचे खाणे, वर्षाला कुटुंबासाठी ७२ यार्ड कापड, किमान जागेचे भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली की मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरले पाहिजेत. आपल्या मावशीच्या यादीतून जे गळले होते, ते न्यायालयाने तेव्हाच ‘किमान’ या शब्दात बसवले होते.

अलीकडचा आकडाही आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाने २०१७ मध्ये अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०१९ मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या राज्यांच्या गटासाठी जुलै २०१८ च्या किमतींनुसार रोज ४१४ रुपये, म्हणजे महिना १०,७६४ रुपये, आणि शहरात त्यावर महिना १,४३० रुपयांपर्यंत घरभाडे, असे तिचे म्हणणे होते. बेरीज १२,१९४. राष्ट्रीय पातळीवरचे किमान वेतन तेव्हा रोज १७६ रुपये होते, हेही लक्षात ठेवू.

आता त्यात महागाई मिळवू. त्यासाठी सरकारचेच माप घेते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जुलै २०१८ मध्ये ९ टक्के होता, जुलै २०२५ मध्ये तो ५८ टक्के झाला. म्हणजे जे १०९ रुपयांत भागत होते, त्याला १५८ लागू लागले. त्या प्रमाणात १२,१९४ चे होतात सुमारे १७,७०० रुपये. तेही आठ तासांच्या कामाचे. सरकारने नेमलेल्या समितीचा आकडा, सरकारनेच मान्य केलेली महागाई, आणि शाळेतले त्रैराशिक, एवढेच यात आहे. दुसरीकडे राज्य सरकारच्या सेवेतील सर्वांत खालच्या श्रेणीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार १५,००० पासून सुरू होते. त्यावर निम्म्याहून अधिक महागाई भत्ता, म्हणजे घरभाडे न धरताही साडेबावीस हजारांच्या वर. सरकारी रुग्णालयातल्या कायम कक्षसेविकेला जे मिळते, त्याच शहरात, त्याच कामाला खासगीत निम्मे मिळते. आणि सरकारी रुग्णालयेसुद्धा आता हीच कामे ठेकेदाराकडे सोपवू लागली आहेत.

कमी पडणारा पैसा कोण भरते, हे विचारले तेव्हा उत्तरे झटपट आली. डबल ड्युटी करते. रात्रीची ड्युटी संपवून सकाळी एका आजीकडे जाते. बचत गटातून उचल घेतली आहे. कंपनीचा आठवड्याचा हप्ता चालू आहे. कानातले गहाण आहेत. एकीने सांगितले, “थोरलीला दहावीनंतर घरी बसवलं. धाकट्याला सांभाळायला कोणीतरी पाहिजे ना.” मुस्लिम मुलींच्या शिक्षणाच्या गळतीवर आपण परिसंवाद घेतो, परंपरेला आणि मौलवींना दोष देतो. तो दोष अनेकदा खराही असतो. पण या घरात मुलीची शाळा तिच्या आईच्या बारा तासांच्या ड्युटीने बंद केली आहे. आई आठ तासांत घरी आली असती आणि पगार पुरला असता, तर ही मुलगी अकरावीत असती. पगाराचा प्रश्न म्हणूनच मुलींच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे.

उरलेला भार सरकार उचलते. मोफत धान्य आहे. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये आहेत. या योजनांची चेष्टा करणाऱ्यांतली मी नाही. त्या पैशाने घरात बाईचा शब्द थोडा वजनदार झाल्याचे मी पाहिले आहे. पण हिशेब सरळ आहे. मालक पाच-सहा हजार कमी देतो, सरकार करदात्यांच्या पैशातून दीड हजार भरून देते, आणि ते दीड हजार वर मांडलेल्या बसच्या पासात संपतात. नीट पाहिले तर हे अनुदान मालकाला मिळते, बहिणीला नाही.

खासगी रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. विशेषतः वीस-पंचवीस खाटांची छोटी नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर सांगतात की जागेचे भाडे, कर्जाचे हप्ते, विमा कंपन्यांची अडवणूक आणि सरकारी योजनांचे उशिरा येणारे पैसे यांत आमचेच कंबरडे मोडते. हे खोटे नाही. म्हणून तोही हिशेब करू. वीस खाटांच्या रुग्णालयात बारा तासांच्या दोन पाळ्यांत मिळून सहा मावशी-मामा आहेत असे धरू. १२,००० प्रमाणे खर्च ७२,०००. आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर नऊ जण लागतील. १७,७०० प्रमाणे खर्च १,५९,३००. फरक ८७,३०० रुपयांचा. साठ टक्के खाटा भरलेल्या असतील, तर महिन्याला ३६० रुग्णदिवस होतात. म्हणजे एका रुग्णामागे रोजचे सुमारे २४३ रुपये वाढतात. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा धरला तर आणखी थोडे. ज्याने अलीकडे रुग्णालयाचे बिल पाहिले आहे, त्याने हा आकडा हातमोजे, कापूस आणि ‘किरकोळ साहित्या’च्या रकमेशेजारी ठेवून बघावा. रक्कम लहान नाही, पण तिच्यामुळे रुग्णालय बंद पडेल असेही नाही. शिवाय किमान वेतनाच्या बाबतीत ‘परवडत नाही’ हा बचाव चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकापासून सांगितले आहे. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात तर न्यायालय त्याही पुढे गेले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मनाई केलेली वेठबिगारीच, असा तो निर्णय आहे. या लेखाच्या मथळ्यातला ‘बिगारी’ हा शब्द मी केवळ यमकासाठी घेतलेला नाही.

मोठ्या रुग्णालयांची अडचण वेगळी असते. तिथे परवडण्याचा प्रश्न नसतो, तिथे ठेकेदार असतो. मावशी रुग्णालयाचा गणवेश घालते, रुग्णालयाच्या सिस्टरचे ऐकते, पण पगार मागायला गेली की तिला सांगितले जाते, ‘तुझा मालक तो.’ ठेकेदाराने वेतन थकवले किंवा कमी दिले तर मूळ मालकाने ते भरावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. आता चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेत किमान वेतनाचा हक्क ठरावीक उद्योगांपुरता न राहता सर्व कामगारांना दिला आहे, आणि केंद्राने ठरवलेल्या तळच्या वेतनाखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही, असेही म्हटले आहे. या संहितांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत. त्यांची चर्चा झालीच पाहिजे. पण जे दोन हक्क त्यात लिहिले आहेत, ते मावशीपर्यंत पोहोचवायला कोणी अडवलेले नाही.

सर्वांत एकटी आहे ती घरी जाऊन रुग्ण सांभाळणारी बाई. ब्युरो तिला पाठवतो, घरमालक ब्युरोला पैसे देतो, ब्युरो आपला वाटा कापतो. ती त्या घरात कुठे झोपते, काय खाते, आजोबांचा मुलगा कसा वागतो, हे विचारणारे कोणी नाही. इथे महाराष्ट्राजवळ स्वतःचा अनुभव आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे उभी केली. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची. १९८१ च्या कायद्याने खासगी सुरक्षारक्षकांसाठीही मंडळे आली. म्हणजे रुग्णालयाच्या दारावरच्या रखवालदारासाठी मंडळाचा कायदा चाळीस वर्षांपूर्वी झाला, आत रुग्णाची कूस बदलणाऱ्या बाईसाठी अजून नाही. ब्युरोमार्फत काम करणाऱ्या रुग्णसेविकांसाठी असेच मंडळ असावे, ही मागणी आपण राज्य सरकारकडे करायला हवी.

संघटनेने काय होते, हे केरळात दिसले. तिथल्या खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी मोठे आंदोलन केल्यावर २०१८ मध्ये राज्य सरकारने रुग्णालयांसाठी किमान वेतनाचे नवे दर काढले आणि परिचारिकेचे सुरुवातीचे मूळ वेतन २०,००० केले. त्याच आदेशात रुग्णालयातील इतर कर्मचाऱ्यांचेही दर सुधारले. सिस्टर आणि मावशी यांचे भांडण लावून दिले तर दोघींचाही पगार वाढत नाही. दोघी एकत्र आल्या तर वाढतो.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आपल्या समाजातही विश्वस्त संस्थांचे दवाखाने, प्रसूतिगृहे आणि रुग्णालये आहेत. त्यांनी गरिबांसाठी केलेले काम मोलाचे आहे. पण तिथल्या मावशीचा पगार किती, हा प्रश्न वार्षिक सभेत कधी विचारला जातो का? मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही शिकवण अशा एखाद्या संस्थेच्या भिंतीवर सुंदर अक्षरांत दिसते आणि त्याच संस्थेत पगार पंधरा तारखेनंतर होतो. कायद्याने तो सात तारखेच्या आत व्हायला हवा. रमजानमध्ये त्याच मावशीला रेशनची पिशवी दिली जाते आणि तिचा फोटोही काढला जातो. जकात देणे ही देणाऱ्याची धार्मिक बाब आहे. पगार हे कायदेशीर देणे आहे. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही. वर्षभर पगार कमी द्यायचा आणि एका महिन्यात दान करायचे, याने पुण्य मिळते की नाही हे मला ठाऊक नाही, पण मावशीचे घरभाडे निघत नाही हे नक्की. हेच मी मंदिर, चर्च आणि गुरुद्वारांच्या विश्वस्तांनाही म्हणेन. पण सुरुवात आपल्यापासून करणे बरे.

करोनाच्या काळात देशाने थाळ्या वाजवल्या. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला आणि त्यात खासगी व कंत्राटी कर्मचारीही धरले. जून २०२१ मध्ये एक लाख तरुणांना रुग्णसेवेचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण देण्याची योजना आली. म्हणजे हे काम कौशल्याचे आहे, ते शिकावे लागते, हे सरकारला तेव्हा पटले होते. मेल्यानंतरच्या विम्यात ठेकेदाराची मावशी ‘आरोग्य कर्मचारी’ होती. जिवंतपणीच्या मस्टरवर ती पुन्हा ‘अकुशल’ झाली.

आपल्या सत्यशोधक परंपरेत साथीच्या रुग्णांची सेवा आणि कामगारांचा हक्क या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये फेब्रुवारीत नारायण मेघाजी लोखंडे गेले आणि मार्चमध्ये सावित्रीबाई फुले. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारा माणूस आणि मुलींची शाळा काढणारी बाई, दोघेही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना एका महिन्याच्या अंतराने गेले. त्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आपण करतो. आज रुग्णाचे अंग पुसणाऱ्या बाईला आठवड्याची सुटी पगारी मिळते की खाडा धरला जातो, हे विचारणे हा त्या कार्यक्रमाचाच भाग व्हायला हवा.

मागण्या मोजक्या आहेत. अनुभव किंवा प्रशिक्षण असलेल्या रुग्णसेविकेला अकुशल म्हणू नये, किमान अर्धकुशल आणि पुढे कुशल श्रेणी मिळावी. ड्युटी आठ तासांची असावी, जादा तासांचे दुप्पट पैसे पगारस्लिपवर दिसावेत. पगार सात तारखेच्या आत बँकेत जमा व्हावा. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि लस यांची नोंद तिच्या हातात असावी. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तिच्याच शेजारी त्या परिमंडळातील रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनाचा चालू तक्ता लावावा. दोन्ही कागद एकाच भिंतीवर असले की रुग्ण आणि मावशी दोघांनाही आपापला हक्क वाचता येईल.

सरकार हे करील तेव्हा करील. वाचकांपैकी जे कोणी रुग्णालयाच्या किंवा दवाखान्याच्या विश्वस्त मंडळावर आहेत, त्यांनी पुढच्या सभेत मस्टर मागवून घ्यावे आणि सर्वांत खालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करावी. ज्यांच्या घरी आई-वडिलांसाठी ब्युरोची बाई येते, त्यांनी तिला थेट विचारावे की आम्ही देतो त्यातले तुझ्या हातात किती पडते. आणि ज्या आपल्या बहिणी हे काम करतात, त्यांनी या महिन्याच्या पगाराला आपल्या तासांनी भागून तो आकडा वहीत लिहून ठेवावा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायची वेळ आली तर ती वही उपयोगी पडेल. सोबत यायला आम्ही तयार आहोत.